प्लेगातले ‘लोक’ म्हणजे नक्की कोण? जुन्या माणसांच्या अनुभवांची तुलना कशी करायची, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

“१८९७ साली पुण्यात प्लेग आला आणि लोकांचे अतोनात हाल झाले.” असं वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलंय, शाळेच्या निबंधात, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये, आणि ते खोटं अजिबात नाही. पण त्यातला ‘लोक’ हा शब्द जरा उघडून बघा. त्यात पेठेतल्या वाड्यातला वकील आहे, त्याच्याकडे भांडी घासणारी बाई आहे, मुंढव्याच्या महारवाड्यातला आजारी पोरगा आहे, कॅम्पातला पारशी दुकानदार आहे, आणि ज्याच्या घरात मागच्या आठवड्यात कोणी गेलं तो माणूस पण आहे आणि ज्याच्या घरात कोणीच आजारी पडलं नाही तोही आहे. या सगळ्यांचे हाल एकसारखे झाले का? काही बाबतीत हो, बऱ्याच बाबतीत नाही, आणि कुठे हो आणि कुठे नाही हे पुराव्यानिशी दाखवणं हेच इतिहासातलं तुलनेचं काम आहे.

मी हे प्लेगच्याच उदाहरणाने सांगणार आहे कारण कागदपत्रं भरपूर आहेत, मराठीत आहेत, आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ती जागा अजून पायी फिरून बघता येते. तुमचा विषय वेगळा असेल, दुष्काळ असेल, गिरणीसंप असेल, धरणात गेलेली गावं असतील, तरी पायऱ्या याच.

पायरी १: प्रश्न लहान करा, अजून लहान करा

‘प्लेगचा समाजावर परिणाम’ हा प्रश्न नाही, तो कपाटावर लावायचा लेबल आहे. प्रश्न असा पाहिजे की त्यात जागा, काळ आणि एक ठरावीक गोष्ट असेल. उदाहरणार्थ, मार्च ते मे १८९७ मध्ये पुण्यात घरझडती आणि हॉस्पिटल याचा अनुभव वेगवेगळ्या घरांना कसा आला? बघा, आता तीन महिने, एक शहर, दोन गोष्टी. एवढं पुरतं, खरं तर एवढंच जास्त होतं. नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक ही की तो १८९६ ते १९२० असा पंचवीस वर्षांचा पट्टा घेतो आणि मग १९०५ मधल्या माणसाची तुलना १८९७ मधल्या माणसाशी करून मोकळा होतो, आणि मधल्या काळात सरकारचे नियमच बदलले होते हे लक्षातच येत नाही.

पायरी २: आधी तारखा, मग मतं

एक कोरा कागद घ्या आणि फक्त तारखा लिहा, कोणाचं कौतुक नाही, कोणावर राग नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत आपली प्लेगची लस स्वतःलाच टोचून घेतली. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला, ज्यात घरं तपासायचे, प्रवाशांना अडवायचे, माणसं वेगळी काढायचे अधिकार सरकारला मिळाले. ९ फेब्रुवारीला मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. १३ मार्चला वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीची लष्करी घरझडती सुरू झाली, सुमारे नऊशे अधिकारी आणि शिपाई या कामावर होते. १९ मे ला ते काम थांबलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या, आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला.

आता या यादीकडे नीट बघा. सावित्रीबाई १० मार्चला गेल्या आणि घरझडती सुरू झाली १३ ला. तीन दिवस. मी कितीतरी ठिकाणी वाचलंय की रँडच्या जुलमाच्या काळात सावित्रीबाईंनी रुग्णसेवा केली, आणि वाचायला ते बरोबर वाटतं कारण दोन्ही १८९७ चं पुणं आहे. पण त्यांनी जो प्लेग बघितला तो शिपाई दारात यायच्या आधीचा प्लेग होता, ज्यात प्रश्न हा होता की आजाऱ्याला हात कोण लावणार. त्यांच्यानंतर आठवड्याभरात पेठेतल्या माणसापुढचा प्रश्न वेगळा होता, आजाऱ्याला लपवायचं कुठे. एकच शहर, एकच महिना, आणि अनुभव दोन. हे तारखा मांडल्याशिवाय दिसत नाही म्हणून ही पायरी कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका.

पायरी ३: माणसं निवडा, आणि दोनावर थांबू नका

दोनच माणसं घेतली की तुलना आपोआप ‘एक चांगला एक वाईट’, ‘एक श्रीमंत एक गरीब’ अशी होऊन बसते. चार-पाच घ्या. पुण्याच्या प्लेगसाठी मी हे घेईन:

टिळक, जे शहरात थांबले, हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल उभं करण्यात पुढे होते आणि केसरी-मराठा चालवत होते. पंडिता रमाबाई, ज्यांच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेत मुली होत्या. रँडवर गोळी झाडणारा दामोदर चापेकर, ज्याने तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं. सावित्रीबाई आणि डॉक्टर मुलगा यशवंत, ज्यांचा दवाखाना हडपसरच्या बाजूला माळावर होता. आणि स्वतः रँड, कारण त्याचा अहवाल पण एक अनुभवच आहे, वरून बघणाऱ्याचा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, एक रिकामा रकाना ठेवा. ज्यांनी काहीच लिहून ठेवलं नाही त्यांच्यासाठी. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या ज्या पोराला, पांडुरंग बाबाजी गायकवाडला, सावित्रीबाई स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या असं सांगितलं जातं, त्याचं स्वतःचं म्हणणं आपल्याकडे नाही. त्याच्याबद्दल आहे, त्याचं नाही. हा फरक तुमच्या वहीत दिसला पाहिजे, रकाना रिकामा राहिला तरी चालेल पण तो पुसायचा नाही.

पायरी ४: सगळ्यांना तेच प्रश्न विचारा

टिळकांना तुम्ही राजकारण विचारलं आणि रमाबाईंना दुःख विचारलं तर उत्तरं वेगळी येणारच, तो फरक तुम्ही बनवलेला असतो. म्हणून आधी प्रश्न ठरवा आणि मग प्रत्येकाच्या कागदातून त्याच प्रश्नांची उत्तरं शोधा. माझे प्रश्न साधारण असे असतात: या माणसाला शहर सोडून जाता येत होतं का? घरात कोण शिरलं आणि कोणाच्या हुकमाने? अंगाला हात कोणी लावला? आजाऱ्याला कुठे नेलं आणि त्याच्यासोबत कोण जाऊ शकलं? सामानाचं काय झालं? काम आणि पैसा चालू राहिला का? मेल्यावर क्रियाकर्म कोणी केलं?

एक्सेलमध्ये करा नाहीतर वहीत, आडवी माणसं उभे प्रश्न. जिथे उत्तर मिळत नाही तिथे ‘माहिती नाही’ लिहा, अंदाज भरू नका. पहिल्यांदा करताना अर्ध्यापेक्षा जास्त खाने ‘माहिती नाही’ येतात, घाबरू नका, तेच खरं चित्र असतं.

फक्त पहिला प्रश्न घेतला, शहर सोडता येत होतं का, तरी किती उलगडतं बघा. १८९६-९७ च्या हिवाळ्यात मुंबईतून लाखो माणसं निघून गेली. ‘लोक पळाले’ असं लिहिलं की झालं वाटतं. पण दुसरीकडे बंगला असलेला शेठ निघून गेला तो राहायला गेला, गिरणीतला रत्नागिरीचा गडी बोटीने गावी गेला तो वावरात मजुरी करायला गेला आणि गावाने त्याला वेशीवर अडवायची भीती वेगळी, आणि ज्याला गावच नाही, जमीन नाही, तो कुठे जाणार? शिवाय जे गिरणी कामगार मुंबईत थांबले त्यांच्यासाठी काही महिने असे आले की माणसं मिळेनात म्हणून मालक एकमेकांचे कामगार ओढायला लागले, महिन्याचा पगार अडकवून ठेवायची जी पद्धत होती ती सोडून रोजच्या रोज मजुरी हातात द्यायला लागले. म्हणजे त्याच साथीत, त्याच शहरात, ज्याच्या चाळीत रोज प्रेत निघतंय त्याच माणसाला मालकाशी घासाघीस करायची ताकद पण मिळाली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. फक्त हालांची यादी करणाऱ्याला दुसरी गोष्ट कधीच सापडणार नाही.

पायरी ५: सारखं दिसतंय तिथे थांबा

मला विचाराल तर सगळं मर्म इथे आहे, म्हणून जरा लांबवतो. फरक शोधायला सगळ्यांना आवडतं, आणि फरक दाखवला की पुरावा मागतात. पण ‘सगळ्यांना असंच वाटत होतं’ म्हटलं की कोणी पुरावा मागत नाही. खरं तर सारखेपणा सिद्ध करायला तेवढाच, कधीकधी जास्त पुरावा लागतो.

उदाहरण, हॉस्पिटलची भीती. ही जवळपास सगळ्यांना होती, इथवर ठीक आहे. आता प्रत्येकाला विचारा कशाची भीती? उच्चजातीच्या घरात सोवळ्याओवळ्याची, कोणाच्या हातचं पाणी प्यावं लागेल, शेजारच्या खाटेवर कोण असेल, याची भीती. मुसलमान घरात बायकांना परका पुरुष बघेल, हात लावेल, ही भीती. मुंबईच्या कामगार वस्तीत अशी अफवा होती की हॉस्पिटलात माणसं मारून त्यांच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी समजलं जाणारं तेल, काढतात. आणि एक भीती सगळ्यांची, ती म्हणजे गेलेला माणूस परत येत नाही, जी अफवा नव्हती कारण लोक इतक्या उशिरा आणले जायचे की बहुतेक मरायचेच. तर ‘हॉस्पिटलची भीती’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळ्या गोष्टी निघाल्या, त्यातली एक खरंच सामायिक, बाकीच्या तीन फक्त एका दारासमोर जमा झालेल्या. आणि हा फरक कागदोपत्री उतरला पण, पुण्यात हिंदूंचं, मुसलमानांचं, पारशांचं अशी वेगळी हॉस्पिटलं निघाली. वेगळं हॉस्पिटल मिळाल्यावर कोणाची भीती कमी झाली आणि कोणाची नाही हे तपासलं तर कोणाची भीती नक्की कशाची होती ते कळेल.

दुसरं उदाहरण मला फार मोठं वाटतं. पंडिता रमाबाई आणि दामोदर चापेकर. एक ख्रिस्ती झालेली, विधवांना शिकवणारी, सनातनी पुण्याने जिला नाकारलं अशी बाई. दुसरा सुधारकांचा टोकाचा द्वेष करणारा तरुण. यांच्यात सारखं काय असणार? तर दोघांनाही १८९७ च्या पुण्यात प्लेग प्रशासन बायकांशी कसं वागतंय याचा संताप आला होता. रमाबाईंनी आपल्या एका मुलीला प्लेग हॉस्पिटलात नेल्यावर काय झालं त्यावरून बॉम्बे गार्डियन या वर्तमानपत्राला जाहीर पत्र लिहिलं, आणि सरकारला ते झोंबलं. दामोदरच्या आत्मवृत्तात घरात शिरलेले गोरे शिपाई, बायकांचा अपमान, देवघरं बाटणं हे सगळं एका रांगेत येतं.

वरवर बघितलं तर सामायिक अनुभव, परक्या सत्तेचा अपमान. आता खाली उतरा. रमाबाईंच्या पत्रात मध्यभागी ती मुलगी आहे, तिचं काय झालं, तिची जबाबदारी कोणाची. दामोदरच्या लिहिण्यात मध्यभागी धर्म आहे, पुरुषांची अब्रू आहे, आणि बाई तिथे घराच्या अब्रूसारखी येते. एकच प्रशासन, एकच महिने, संताप दोघांचा खरा, पण कोणासाठी संताप हे वेगळं. दोघांना एकाच वाक्यात ‘पुणेकर संतापले’ म्हणून बसवलं तर ती मुलगीच गायब होते.

उलटं पण होतं, वेगळे दिसणारे सारखे निघतात. लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांमध्ये काम करणारे, १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढणारे, दीनबंधूचे संपादक. सावित्रीबाई पुण्यात, सासष्ट वर्षांच्या, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. शहर वेगळं, काम वेगळं, वय वेगळं. पण दोघंही सत्यशोधक, दोघंही प्लेगच्या रुग्णांसाठी धावताना प्लेगनेच गेले, एका महिन्याच्या अंतराने. हा योगायोग आहे की एका चळवळीत घडलेल्या माणसांनी आजाऱ्याला शिवण्याबद्दल आधीच वेगळं ठरवलेलं होतं? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. ज्यांनी शिवाशिव आयुष्यभर नाकारली त्यांना गाठ आलेल्या माणसाला उचलताना एक अडसर कमी होता. पण हे माझं मत, आणि मत म्हणूनच लिहायचं, पुरावा म्हणून नाही. यासाठी अजून सत्यशोधक घरं शोधावी लागतील, त्यातली किती शहर सोडून गेली तेही बघावं लागेल.

पायरी ६: कागद कोणाचा, कधीचा, कोणासाठी

प्रत्येक कागदावर पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: लिहिणारा कुठे उभा होता, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं, आणि कोणाला वाचायला लिहिलं. रँडचा अहवाल वरिष्ठांसाठी आहे, त्यात काम व्यवस्थित झालं हे दाखवायचंय, पण घरं किती तपासली, माणसं किती लावली असे आकडे तिथेच मिळतात, म्हणून फेकून देऊ नका. केसरी वाचकांसाठी आणि सरकारने वाचावं म्हणूनही लिहिलेला आहे, आणि लक्षात ठेवा केसरीने माणसं वेगळी ठेवायच्या किंवा हॉस्पिटलच्या कल्पनेला सरसकट विरोध केला नव्हता, विरोध मुख्यतः पद्धतीला होता, त्यामुळे ‘टिळक विरुद्ध सरकार’ असे दोनच डबे करू नका. दामोदरचं आत्मवृत्त फाशी समोर असताना लिहिलेलं आहे, आपण असे का झालो हे मागे वळून सांगणारं.

अफवांचं काय करायचं हा प्रश्न नेहमी येतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं उदाहरण घ्या. १८९७ मध्ये ते हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते, पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथे शिपायांनी बायकांवर अत्याचार केल्याचं जाहीर सांगितलं, परत आल्यावर पुरावा उभा राहीना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली, जी पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या अंगाला चिकटून राहिली. आता नवीन अभ्यासक दोनपैकी एक करतो, एकतर ‘अत्याचार झालेच’ लिहितो नाहीतर ‘सगळं खोटं होतं’ लिहितो. दोन्ही घाई आहे. माफीवरून एवढंच कळतं की त्या वेळी, त्या परिस्थितीत, कोणी पुढे येऊन सांगायला तयार झालं नाही. १८९७ मध्ये पुण्यातल्या कुठल्या बाईला असं जाहीर सांगणं परवडलं असतं? पत्रं आली ही गोष्ट तर पक्की आहे, म्हणजे लोक एकमेकांना काय सांगत होते त्याचा पुरावा आपल्याकडे आहे. घडलं काय आणि बोललं काय गेलं, दोन वेगळे रकाने करा.

अजून एक, तेव्हा कोणाला काय माहीत होतं ते आजच्या ज्ञानाने मोजू नका. उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमोंडने १८९८ मध्ये कराचीत काम करून मांडलं आणि ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. १८९७ मध्ये डॉक्टरांचा रोख घाण, ओल, हवा आणि माणसांचा संपर्क यावर होता, म्हणून फरशा उकरल्या, कौलं काढली, चुना मारला, मुंबईत घरं राहायला नालायक म्हणून खुणा केल्या. त्यामुळे ‘अडाणी जनता आणि विज्ञाननिष्ठ सरकार’ अशी तुलना टिकत नाही, खरं कारण दोघांनाही माहीत नव्हतं.

शोधताना शब्दांचा घोळ सांभाळा. मराठी कागदात ‘प्लेग’ एवढाच शब्द शोधलात तर निम्मं हुकेल, ग्रंथिक सन्निपात, गाठीचा ताप, महामारी असे शब्द आहेत. खासगी हिशेब आणि पत्रं बरीचशी मोडीत आहेत, तीन महिने मोडी शिकून घ्या, फार उपयोग होतो. ज्यांच्या मूळ फाइल्स मिळत नाहीत अशा वर्तमानपत्रांसाठी सरकार दर आठवड्याला देशी पत्रांचा इंग्रजी सारांश काढायचं तो बघा, मुंबईच्या पुराभिलेखागारात ही सगळी मालिका सापडते, पण तो सारांश सरकारी भाषांतरकाराने निवडलेला आहे हे पेन्सिलने लिहायला विसरू नका.

पायरी ७: फरक का पडला हे बघायला दुसरं शहर शेजारी ठेवा

पुण्यात लष्कर घराघरात शिरलं. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये पालिकेने सक्तीचे हुकूम काढले, पण गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला आणि सक्ती बरीच सैल करावी लागली. शिवाय हलालखोर शहर सोडून गेले तर मैला कोण उचलणार ही धास्ती पालिकेला होतीच. म्हणजे ज्यांना गावगाड्यात सगळ्यात खाली बसवलेलं त्यांच्या निघून जाण्याच्या भीतीने अख्ख्या शहरावरची सक्ती आवरली गेली. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकरची कमिटी आली, तपासणी वाढली, पण प्रत्येक समाजाच्या पुढाऱ्यांना हाताशी धरून. तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे, त्यांनी आपल्या खोजा लोकांसमोर लस टोचून घेतली. तरी ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात एका आजारी मुलीला तपासण्यावरून जुलाहे विणकरांचा आणि पोलिसांचा मोठा दंगा झालाच आणि तो शहरात पसरला. त्यानंतर हळूहळू सरकारने सक्तीचा मार्ग सोडत नेला.

आता दोन्ही शहरं शेजारी ठेवल्यावर दिसतं की फरक फक्त ‘रँड कठोर होता’ यावर संपत नाही. मुंबईकडे बंदर होतं, गिरण्या होत्या, कामगार निघून गेले तर पैसा थांबत होता. पुण्यात तसा दाब कमी होता. म्हणजे माणसाच्या अनुभवामागे शहराची कमाई कशावर चालते हे पण उभं असतं. आणि सारखं काय? दोन्हीकडे भडका उडाला तो बायकांच्या तपासणीवरून, पुण्यात पेठांमध्ये तर मुंबईत मुसलमान विणकरांमध्ये.

आकडे वापरताना जपून. मुंबईची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ आणि १९०१ मध्ये ७,७६,००६. कमी झाली हे दिसतं, पण त्यात मेले किती, गेले किती, आणि कोणत्या वस्तीतले, हे त्या एका आकड्यात नाही.

पायरी ८: लिहायला बसल्यावर

‘सगळे’, ‘समस्त जनता’, ‘पुणेकर’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात येतीलच, येऊ द्या. दुसऱ्या वाचनात प्रत्येकाला गोल करा आणि विचारा, कोण? जिथे उत्तर देता आलं तिथे नाव किंवा गट घाला, जिथे नाही आलं तिथे वाक्य बारीक करा. आणि मांडताना आधी एकाचं पूर्ण मग दुसऱ्याचं पूर्ण असं करू नका, वाचणारा पहिला विसरून जातो. मुद्दा घ्या, हॉस्पिटल म्हणा, आणि त्यातच चौघांना एकत्र आणा. एकाच माणसाचा अनुभव पण काळाबरोबर बदलतो हे दाखवा, रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली मध्य प्रांतातून आणत होत्या आणि प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना म्हणून केडगावचा आश्रम उभा राहिला, त्यामुळे त्यांच्या हिशेबात दुष्काळ आणि प्लेग ही दोन प्रकरणं नव्हतीच.

पायरी ९: घरातली आठवण

हे शेवटी ठेवलंय, कारण आधीच्या पायऱ्या झाल्याशिवाय केलं की गोंधळ होतो. बऱ्याच मराठी घरांत ‘प्लेगाच्या साली’ची एखादी गोष्ट चालत आलेली असते. आमच्याकडे पण होती, उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, आजी सांगायची तिच्या आजीचं. मी ती कितीतरी वर्षं १८९७ चीच धरून चाललो होतो. नंतर माणसांची वयं जुळवली तेव्हा कळलं की हे १९०० नंतरचंच असणार, आणि त्यात ‘सकाळी एकाला पोचवून आले तर दुपारी दुसरा’ हा जो भाग होता तो बहुतेक १९१८ च्या मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा, दोन साथी घरात एक होऊन बसलेल्या. उंदीर, गाठ, झोपड्या असं असेल तर प्लेग. ताप, खोकला आणि दोन-तीन दिवसांत घरंच्या घरं आडवी असं असेल तर मानमोडी. एवढी चाळणी लावली तरी बरंच सुटं होतं. गोष्ट खोटी ठरत नाही त्याने, ती दोन ठिकाणी ठेवता येते एवढंच.

विचारताना ‘प्लेगबद्दल सांगा’ म्हणू नका, मग ऐकलेलं, वाचलेलं, सिनेमातलं सगळं मिसळून येतं. बारीक विचारा. झोपडी कुठल्या शेतात होती? ते शेत कोणाचं? गावातली सगळी तिथेच होती की महार-मांगांच्या झोपड्या वेगळ्या बाजूला होत्या? पाणी कुठल्या विहिरीचं आणि कोण भरायचं? सांगणाऱ्याचं वय, तुमचं नातं आणि ज्या दिवशी विचारलं ती तारीख वर लिहून ठेवा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, जो आजीला विचारायचा राहून गेला आणि आता विचारायला कोणी नाही: सगळं घर माळावर गेलं तेव्हा गावातल्या घरात, गुरांपाशी आणि देवापाशी, मागे कोणाला ठेवलं होतं?